व्हिसाचे पैसे कुणी भरायचे?

अमेरिकेतल्या सरकारी शाळांमधल्या शिक्षकांना २०२३-२४ या वर्षात सरासरी ७२,०३० डॉलर पगार मिळाला, असं तिथल्या सर्वात मोठ्या शिक्षक संघटनेचा, नॅशनल एज्युकेशन असोसिएशनचा, अहवाल सांगतो. नव्याने रुजू होणाऱ्याला सरासरी ४६,५२६ डॉलर. आता दुसरा आकडा पाहा. २१ सप्टेंबर २०२५ पासून परदेशातला एखादा शिक्षक एच-१बी व्हिसावर आणायचा असेल, तर त्याच्या अर्जासाठी शाळेने सरकारजमा करायची रक्कम झाली एक लाख डॉलर. या एका रकमेत दोन नव्या शिक्षकांचा वर्षभराचा पगार निघतो आणि वर जवळपास सात हजार डॉलर शिल्लक राहतात. तेव्हाच्या दराने रुपयांत सांगायचं तर साधारण ८८ लाख.

महाराष्ट्रात एच-१बी म्हटलं की पुण्या-ठाण्याकडची आयटीतली मुलं डोळ्यांसमोर येतात. १९ सप्टेंबरच्या शुक्रवारी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी या शुल्काच्या घोषणापत्रावर सही केली आणि शनिवारची रात्र सरताच ते लागू झालं. त्या दोन दिवसांत आपल्याकडे चर्चा झाली ती कंपन्यांची, प्रोजेक्टची आणि सुट्टीवर घरी आलेल्या मुलांच्या परतीच्या तिकिटांची. ते साहजिकच होतं, कारण मंजूर होणाऱ्या एच-१बी अर्जांपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक अर्ज भारतात जन्मलेल्यांचे असतात. पण याच व्हिसावर तिथल्या शाळांमध्ये हजारो शिक्षकही काम करतात. त्यात फिलिपीन्सचे पुष्कळ, शिवाय स्पेन, मेक्सिको, जमैका आणि भारतातलेही. त्यांना नेमणारी संस्था असते ‘स्कूल डिस्ट्रिक्ट’, आणि तिच्याकडे नफा नावाची गोष्टच नसते.

स्कूल डिस्ट्रिक्ट म्हणजे केवळ शाळा चालवण्यासाठी असलेली स्थानिक संस्था. तिला बहुतेक ठिकाणी निवडून आलेलं मंडळ असतं, दरवर्षीचं अंदाजपत्रक असतं, आणि खर्चाच्या मोठ्या बाबी या मंडळाच्या जाहीर बैठकीत मंजूर व्हाव्या लागतात. पैसा येतो तो मुख्यतः स्थानिक मालमत्ता करातून आणि राज्याच्या अनुदानातून. केंद्र सरकारचा वाटा त्या मानाने फार थोडा, एक दशांशाच्या आसपास. त्यामुळे ज्या भागातली घरं महाग, तिथल्या शाळांकडे पैसा जास्त. शिक्षकांचा तुटवडा मात्र सर्वात जास्त जाणवतो तो दुसऱ्या टोकाला, गरीब शहरी वस्त्यांत आणि दूरच्या खेड्यांत. २०२४-२५ चं शैक्षणिक वर्ष सुरू होण्यापूर्वी ७४ टक्के सरकारी शाळांना एखादी तरी रिकामी जागा योग्य शिक्षकाने भरताना अडचण आली, असं अमेरिकेच्या शैक्षणिक आकडेवारी केंद्राच्या पाहणीत दिसलं. गणित, विज्ञान, द्वैभाषिक वर्ग आणि सगळ्यांत कठीण म्हणजे विशेष मुलांचे वर्ग.

या विशेष शिक्षकाच्या जागेकडे जरा थांबून पाहायला हवं, कारण परदेशी शिक्षकांपैकी कितीतरी जण नेमके याच वर्गात असतात. अमेरिकेत १९७५ पासून अपंग मुलांना मोफत आणि योग्य शिक्षण मिळणं हा कायदेशीर हक्क आहे. अशा प्रत्येक मुलाची एक स्वतंत्र शिक्षण योजना लेखी तयार होते. पालक, शिक्षक आणि तज्ज्ञ एका टेबलाभोवती बसून ती ठरवतात. आठवड्यातून किती वेळ वाचनाची जादा मदत, किती वेळ वाचा-उपचार, परीक्षेत किती जादा मिनिटं, हे सगळं तिच्यात तपशिलाने लिहिलेलं असतं, आणि लिहिलं ते देणं शाळेवर बंधनकारक असतं. जागा रिकामी राहिली म्हणून ही जबाबदारी टळत नाही. पालक दाद मागू शकतात आणि मागतातही. या कायद्यापायी शाळांवर पडणाऱ्या जादा खर्चासाठी केंद्राने देशातल्या दर विद्यार्थ्यामागच्या सरासरी खर्चाच्या ४० टक्क्यांपर्यंत मदत देण्याचं कबूल केलं होतं. एवढी मदत आजवर एकाही वर्षी पोचलेली नाही. म्हणजे माणूस मिळत नाही, पैसा अपुरा, आणि हक्क मात्र कायद्याने पक्का. एखाद्या डिस्ट्रिक्टचा भरती अधिकारी मनिलातल्या उमेदवाराची मुलाखत व्हिडिओवर घेत असतो, त्यामागे ही सगळी ओढाताण असते.

एच-१बीची रचना मुळात शाळांचा विचार करून झालेली नाही. १९९० च्या कायद्याने हा व्हिसा आला तो पदवी लागणाऱ्या विशेष व्यवसायांसाठी. वर्षाला ६५,००० आणि अमेरिकेत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्यांसाठी आणखी २०,००० अशी त्याची मर्यादा आहे. विद्यापीठांना आणि त्यांच्याशी संलग्न ना-नफा संस्थांना ही मर्यादा लागू नाही. शाळांना मात्र ती लागू आहे. रसायनशास्त्राचा प्राध्यापक नेमणारं विद्यापीठ केव्हाही अर्ज करू शकतं. तेच रसायनशास्त्र दहावीच्या मुलांना शिकवणारा माणूस हवा असेल तर शाळेने मार्चमध्ये नोंदणी करून सॉफ्टवेअर कंपन्यांच्या लाखो नावांबरोबर सोडतीत उभं राहायचं. काही डिस्ट्रिक्टनी जवळच्या विद्यापीठाशी शिक्षक-प्रशिक्षणाचा लेखी करार करून संलग्नतेचा दरवाजा उघडून घेतला. पण जवळ विद्यापीठच नसेल तर तोही मार्ग बंद.

त्यात तारखांचा घोळ आहे. सोडतीत नाव निघालेल्या माणसाला कामावर रुजू होता येतं ते १ ऑक्टोबरपासून. शाळा उघडतात ऑगस्टमध्ये, फार तर सप्टेंबरच्या सुरुवातीला. पहिले चार ते आठ आठवडे तो वर्ग बदली शिक्षकाच्या हवाली. नव्या वर्गाची घडी ज्या दिवसांत बसते तेच दिवस असे जातात.

२०२५ च्या घोषणेपूर्वीचा खर्चही लहान शाळांना जडच होता. सोडतीच्या नोंदणीचे पूर्वी १० डॉलर पडत, ते २०२५ मध्ये २१५ झाले. मुख्य अर्जाचे ७८०, फसवणूक-प्रतिबंधाचे ५००, आश्रय-कार्यक्रमासाठीचं शुल्क संस्थेच्या स्वरूपानुसार शून्य ते ६००. निर्णय लवकर हवा असेल तर २०२५ मध्ये २,८०५ वेगळे, आणि शाळेच्या वेळापत्रकात तो बहुधा लवकरच हवा असतो. वर वकिलाची फी. सगळं धरून एका शिक्षकामागे काही हजार डॉलर सहज उडतात आणि निवड न झाल्यास नोंदणीचे पैसे परत मिळत नाहीत.

आता खरा प्रश्न, हे पैसे कुणी भरायचे. कायद्याचं उत्तर स्पष्ट आहे. अर्ज मालकाचा, म्हणून खर्चही मालकाचा. एच-१बीवर आलेल्या माणसाला त्या भागातला प्रचलित पगार किंवा त्याच कामासाठी त्याच संस्थेतल्या इतरांना मिळणारा पगार, यांत जो जास्त असेल तो द्यावाच लागतो. शाळेला हा पगार कामगार खात्याकडे आधी लेखी कळवावा लागतो. त्याची नोटीस शिक्षकांची मान्यताप्राप्त संघटना असेल तर तिला द्यावी लागते, नसेल तर कामाच्या ठिकाणी दोन ठळक जागी दहा दिवस लावावी लागते. तेव्हा शिक्षक-खोलीतल्या फळ्यावर, रजेच्या अर्जांशेजारी, येऊ घातलेल्या परदेशी सहकाऱ्याचं पद आणि पगाराचा आकडा सगळ्यांना वाचता येतो. इथल्या कुणाचा पगार पाडण्यासाठी बाहेरून माणूस आणलेला नाही, एवढी खात्री त्यातून व्हावी हा हेतू. हेतू चांगलाच आहे.

शाळेत या नियमाची धार अधिक तीक्ष्ण होते. कंपनीत दोघांच्या पगारात वाटाघाटीने फरक असू शकतो. सरकारी शाळेत वेतनश्रेणीचा तक्ता ठरलेला असतो, एका बाजूला अनुभवाची वर्षं, दुसऱ्या बाजूला पदवी, आणि दोन्ही जिथे मिळतात त्या चौकोनातला आकडा हाच पगार. तोच आकडा कायद्याला अपेक्षित किमान पगारही बहुधा असतो. मग शिक्षकाने व्हिसाचे पाचशे डॉलर जरी स्वतःच्या खिशातून भरले, तरी हातात पडणारी रक्कम त्या आकड्याच्या खाली जाते आणि नियम मोडतो. पदरमोड करायला शिक्षक कितीही राजी असला तरी फरक पडत नाही.

हे किती महागात पडू शकतं ते मेरीलँडमधल्या प्रिन्स जॉर्जेस काउंटीत दिसलं. राजधानी वॉशिंग्टनला खेटून असलेला हा जिल्हा. २००२ च्या ‘नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड’ कायद्याने प्रत्येक मुख्य विषयाला पूर्ण पात्रतेचा शिक्षक असलाच पाहिजे असा आग्रह धरला, आणि तिथल्या शाळांनी परदेशातून, मुख्यतः फिलिपीन्समधून, मोठी भरती केली. व्हिसाचं शुल्क आणि वकिलाचा खर्च मात्र शिक्षकांनी सोसला. कामगार खात्याने चौकशी केली आणि २०११ च्या एप्रिलमध्ये निष्कर्ष जाहीर केला. १,०४४ शिक्षकांचे मिळून सुमारे ४२ लाख डॉलर परत करायचे, शिवाय १७ लाखांहून अधिक दंड. माणशी हिशेब केला तर परतफेड चार हजार डॉलरच्या आसपास येते. जुलैमध्ये तडजोड झाली. परतफेड कायम राहिली, दंड एक लाखावर आला, आणि या शालेय व्यवस्थेला दोन वर्षं नवे अर्ज करायला किंवा जुने वाढवायला बंदी झाली.

ती बंदी नीट समजून घ्यायला हवी. एच-१बी एका वेळी तीन वर्षांचा मिळतो आणि एकदा वाढवून सहा वर्षांपर्यंत जातो. ज्यांची मुदत त्या दोन वर्षांत संपत होती, त्यांच्यासाठी शाळेला मुदतवाढ मागता येईना. म्हणजे ज्या शिक्षकांवर अन्याय झाला म्हणून कारवाई झाली, त्यांच्यापैकीच अनेकांची नोकरी त्या कारवाईने गेली. चार हजार डॉलर परत मिळाले, आणि घर, मुलांच्या शाळा, कर्जाचे हप्ते यांची सगळी मांडणी ज्या नोकरीवर उभी होती ती सुटली. शिक्षा मालकाला, भुर्दंड कामगाराला. कायदा शिक्षकाच्या बाजूने असूनही त्याची अंमलबजावणी शिक्षकाच्या मुळावर आली. व्हिसा मालकाशी बांधलेला असतो तोवर हे होतच राहणार, असं मला वाटतं. मालकावर बंदी घालताना निदान आधीपासून कामावर असलेल्यांच्या मुदतवाढीला तरी सूट हवी होती.

लुइझियानात याहून वाईट घडलं. २००७ पासून तिथल्या काही शाळांमध्ये साडेतीनशेच्या आसपास फिलिपिनो शिक्षक एका भरती संस्थेमार्फत आले. नोकरीसाठी त्यांनी माणशी सुमारे १६,००० डॉलर मोजले होते. मनिलातल्या शिक्षकाच्या कितीतरी वर्षांच्या पगाराएवढी ही रक्कम, त्यामुळे बहुतेकांनी ती कर्ज काढून उभी केली. शिक्षकांनी २०१० मध्ये सामूहिक दावा लावला. सदर्न पॉव्हर्टी लॉ सेंटर ही नागरी हक्क संस्था आणि अमेरिकन फेडरेशन ऑफ टीचर्स ही शिक्षक संघटना त्यांच्या पाठीशी उभ्या राहिल्या. डिसेंबर २०१२ मध्ये ज्युरीने भरती संस्थेविरुद्ध ४५ लाख डॉलरचा निकाल दिला. शाळेच्या अंदाजपत्रकात न दिसणारा खर्च कुठे जातो, ते इथे उघडं पडलं. ‘आम्हाला भरतीचा काहीच खर्च आला नाही’ असं एखादं डिस्ट्रिक्ट सांगतं तेव्हा तो खर्च बहुतेक वेळा दुसऱ्या देशातल्या एखाद्या घराने सावकाराकडून उचललेला असतो. बाल्टिमोरच्या शाळांत आलेल्या चार फिलिपिनो शिक्षिकांवर रमोना डियाझ यांनी ‘द लर्निंग’ हा माहितीपट २०११ मध्ये केला. घरी पाठवायचा पैसा आणि समोरचा वर्ग यांच्या कात्रीत सापडलेल्या या बायका पाहिल्या की आकडेवारीचा अर्थ नीट कळतो.

या सगळ्यामुळे अनेक डिस्ट्रिक्ट जे-१ व्हिसाकडे वळले. हा सांस्कृतिक देवाणघेवाणीचा व्हिसा, परराष्ट्र खात्याच्या देखरेखीखाली. त्याला सोडत नाही, वार्षिक मर्यादा नाही, ऑगस्टमध्ये शिक्षक हजर होऊ शकतो. तीन वर्षं, फार तर आणखी दोन. अर्ज शाळा करत नाही. परराष्ट्र खात्याने मान्यता दिलेली प्रायोजक संस्था करते आणि त्याबद्दल शुल्क घेते. हे शुल्क मालकानेच भरावं असं एच-१बीसारखं बंधन इथे नाही. फी आधी सांगितली पाहिजे, एवढं पथ्य. शाळेची त्यात आणखी एक बचत होते. जे-१ वरच्या शिक्षकाला पहिली दोन वर्षं साधारणपणे सामाजिक सुरक्षा आणि मेडिकेअरचा कर लागू होत नाही, त्यामुळे मालकाचा ७.६५ टक्के हिस्साही वाचतो. शाळेला हे स्वस्त पडतं हे खरं. पण मुलांच्या बाजूने पाहिलं तर पाच वर्षांत, गावाची ओळख पटून शिक्षक खऱ्या अर्थाने रुळला की, त्याला जावंच लागतं, आणि याच कार्यक्रमातून परत यायचं तर मध्ये दोन वर्षं देशाबाहेर राहावं लागतं. शाळा पुन्हा पहिल्यापासून शोध सुरू करते.

इंग्लंडनेही शिक्षकांसाठी दारं उघडली, पण तिथली विसंगती वेगळी. फेब्रुवारी २०२३ पासून भारत धरून आणखी नऊ देशांतल्या पात्र शिक्षकांना तिथल्या अधिकृत शिक्षक-पात्रतेसाठी थेट अर्ज करता येऊ लागला. भारतीयांसाठी हा मार्ग गणित, विज्ञान आणि भाषा या विषयांपुरता आहे. म्हणजे बी.एड. करून कोल्हापुरात किंवा नागपुरात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्यालाही तो खुला झाला. त्याच वर्षी सरकारने भौतिकशास्त्र आणि भाषांच्या परदेशी शिक्षकांना स्थलांतरासाठी १०,००० पौंडांची मदत सुरू केली. दुसरीकडे शिक्षकाकडून आरोग्य अधिभार घेणं चालूच होतं, २०२४ पासून तर वर्षाला १,०३५ पौंड, आणि नेमणाऱ्या संस्थेकडून माणशी वार्षिक कौशल्य शुल्क. परिचारिकांना आणि डॉक्टरांना आरोग्य अधिभारातून वगळलं, शिक्षकांना नाही. एका खात्याने द्यायचं आणि दुसऱ्याने काढून घ्यायचं, असा हा कारभार.

अमेरिकेतल्या एक लाख डॉलरकडे परत येऊ. घोषणापत्र बारा महिन्यांसाठी होतं, आणि पुढे वाढवण्याची सोय त्यातच ठेवलेली होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये नागरिकत्व आणि स्थलांतर सेवेने खुलासा केला की हे पैसे अमेरिकेबाहेर असलेल्या माणसासाठीच्या नव्या अर्जांना लागतील. विद्यार्थी व्हिसावर आधीच तिथे असलेल्याचा दर्जा बदलून घेतला तर लागणार नाहीत. राष्ट्रहितासाठी सूट मिळू शकते, पण ती अगदी अपवादाने. या खुलाशाने मोठ्या शहरांतल्या डिस्ट्रिक्टना थोडी वाट मिळाली. आसपासच्या विद्यापीठांत शिक्षणशास्त्र किंवा गणित शिकणारे परदेशी विद्यार्थी त्यांना सापडू शकतात. अलास्कात नदीकाठची अशी गावं आहेत जिथे रस्ता पोचत नाही, छोट्या विमानाने जावं लागतं. तिथल्या शाळांत फिलिपीन्सहून आलेले शिक्षक मोठ्या संख्येने शिकवतात. त्या गावात जायला तयार असलेला विद्यार्थी न्यूयॉर्कच्या किंवा बोस्टनच्या वसतिगृहात शोधायचा कुणी?

डिसेंबर २०२५ मध्ये सोडतीचा नियमही बदलला. पगाराची पातळी जितकी वरची, तितक्या जास्त चिठ्ठ्या. सर्वात वरच्या पातळीला चार, सर्वात खालच्या पातळीला एक. कंपनीला वाटलं तर ती उमेदवाराचा पगार वाढवून पातळी चढू शकते. शाळेला ते शक्य नाही, कारण तक्त्यातला चौकोन एकट्यासाठी बदलता येत नाही. तो बहुतेक ठिकाणी शिक्षक संघटनेशी झालेल्या करारात बांधलेला असतो. प्रामाणिक, सर्वांना सारखी वागणूक देणारी वेतनपद्धती हाच इथे शाळेचा तोटा ठरतो.

परदेशी शिक्षक हे तुटवड्यावरचं कायमचं औषध आहे असं मी मानत नाही. पगार वाढले, नव्या शिक्षकाला पहिली दोन-तीन वर्षं हात देणारा कुणी असला, तर पुष्कळ जागा देशातच भरतील, आणि हे तिथल्या शिक्षक संघटना वर्षानुवर्षं सांगत आहेत. फिलिपीन्सलाही आपले अनुभवी शिक्षक गमवावे लागतात, त्याचाही हिशेब कुणी तरी मांडायला हवा. पण स्वस्त मनुष्यबळ आणून देशी कामगारांना डावलणाऱ्या कंपन्यांना चाप लावण्यासाठी ठरवलेली रक्कम जशीच्या तशी विशेष मुलांच्या वर्गाला लावणं, यात मला कुठलंही धोरण दिसत नाही. शाळेला देशी शिक्षक मिळत असता तर तिने हा खटाटोप केलाच नसता. प्रचलित पगाराचा नियम आणि वेतनश्रेणीचा तक्ता मिळून पगार पाडण्याची वाट आधीच बंद आहे.

हा फरक अमेरिकी संसदेला पूर्वी कळला होता. एच-१बी मालकांकडून देशी कामगारांच्या प्रशिक्षणासाठी एक वेगळं शुल्क १९९८ पासून घेतलं जातं. आज ते मोठ्या मालकाला १,५०० डॉलर आणि लहान मालकाला ७५० डॉलर पडतं. २००० साली ते वाढवताना संसदेने प्राथमिक आणि माध्यमिक शाळांना त्यातून वगळलं, आणि ती सूट आजही कायद्यात आहे. दीड हजार डॉलर शाळेकडून घेऊ नयेत असं ज्या कायद्याने ठरवलं, त्याच व्हिसावर एक लाख डॉलर मागताना २०२५ च्या घोषणापत्रात शाळांसाठी एक ओळही नव्हती. डिसेंबर २०२५ मध्ये कॅलिफोर्निया आणि मॅसॅच्युसेट्स यांच्या पुढाकाराने वीस राज्यांनी या शुल्काविरुद्ध मॅसॅच्युसेट्सच्या संघीय न्यायालयात दावा दाखल केला. संसदेने न ठरवलेलं शुल्क राष्ट्राध्यक्षांना लावता येतं का, हा त्यातला घटनात्मक मुद्दा. आणि शाळांतल्या शिक्षकांच्या रिकाम्या जागा हा राज्यांनी मांडलेल्या नुकसानीचा एक ठळक भाग. त्याच महिन्यात चेंबर ऑफ कॉमर्स या उद्योगांच्या संघटनेच्या वेगळ्या दाव्यात वॉशिंग्टनच्या न्यायालयाने शुल्काच्या बाजूने निकाल दिला. न्यायालयांतली ही लढाई चालू असतानाच मार्चची नोंदणी जवळ येत होती, आणि लहान डिस्ट्रिक्टच्या मंडळांना पुढच्या ऑगस्टचे वर्ग कुणाच्या भरवशावर ठेवायचे ते तेव्हाच ठरवायचं होतं.